बैलाची चाल आणि पायांचे यंत्र : आपल्या मुलांसाठी संशोधनाची एक वाट

(पूर्णगड, ता. रत्नागिरी येथे शेतकरी व बागायतदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुचकुंदीच्या मुखाशी उभ्या असलेल्या आपल्या या छोट्याशा किल्ल्यावर जायचे तर गाडी खाली ठेवून शेवटचा टप्पा पायीच चढावा लागतो. आपल्या शेतीचेही तसेच आहे. खाडीकाठचा मळा सोडला की वर दळ्या, त्यांच्यावर सडा आणि सड्यावर कातळ फोडून लावलेली आंब्याची कलमे. या वाटेवर चाक फार दूर जात नाही, पाय मात्र सगळीकडे जातो. आजचा विषय या पायाचाच आहे.

हा विषय निवडण्याचे कारण आपल्यातल्याच एका बागायतदारांनी दिले. त्यांनी मला विचारले, "साहेब, मुलगा बारावीला आहे. जनावरं चालतात कशी त्याचा अभ्यास करायचा आणि तशी चालणारी यंत्रं बनवायची, असं म्हणतो. आमच्या घरात एकच जोत उरलंय, तेही किती वर्षं राहील माहीत नाही. आणि हा बैलाची चाल शिकायला निघालाय. यात पोट भरतं का?"

प्रश्न रास्त आहे. त्याला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देऊन चालणार नाही. म्हणून हे शास्त्र काय आहे, त्यात आपल्या भागातला कोणी गेला आहे का, वाट किती लांब आहे आणि शेवटी हाती काय लागते, हे क्रमाने पाहू.

चाल ओळखणारी नजर

बैल विकत घेताना आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, वेसण धरून तोंड वळवून पाहतो आणि शेवटी मालकाला म्हणतो, "जरा चालवून दाखवा." जनावर चालू लागले की जाणता माणूस मागून आणि बाजूने पाहतो. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या जवळ पडतो का? पाठ सरळ राहते का? पाऊल टाकताना मान खाली झुकते का? एवढ्यावरून तो हा बैल नांगराला टिकेल की नाही ते सांगतो.

आता एक प्रश्न विचारतो. बैल सावकाश चालताना त्याचे चार पाय कोणत्या क्रमाने पडतात? पुष्कळांना पटकन सांगता येणार नाही. उद्या सकाळी गुरे सोडाल तेव्हा पाहा. आधी डावा मागचा, मग डावा पुढचा, नंतर उजवा मागचा आणि शेवटी उजवा पुढचा, असा क्रम दिसेल. गाय, म्हैस, शेळी, घोडा, कुत्रा या सर्वांची सावकाश चाल बहुधा याच क्रमाची असते. चारपैकी बहुतेक वेळा तीन पाय जमिनीवर राहतात, त्यामुळे तोल जात नाही.

ही गोष्ट चित्रकारांच्याही नजरेतून निसटली. २०१२ मध्ये हंगेरीतील संशोधकांनी चालत्या जनावरांची जुनी-नवी चित्रे तपासली. गुहेत राहणाऱ्या आदिमानवाच्या चित्रांत पाय चुकीचे दाखवल्याचे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. पुढच्या काळातील, म्हणजे छायाचित्रणाने चाल उलगडण्यापूर्वीच्या, चित्रांत ते सुमारे ८३ टक्के निघाले. ज्याचे पोट जनावरावर अवलंबून होते त्याची नजर जास्त पक्की होती, असा याचा अर्थ. आपल्यापासून जवळच कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कातळात कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणीही कोरलेले आहेत. कोकणातील ही कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. जनावराकडे बारकाईने पाहण्याची सवय या सड्यावर फार जुनी आहे, एवढे त्यावरून आपण म्हणू शकतो.

शास्त्राने चाल कशी मोजली

१८७८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने धावत्या घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे मांडले. घोडा दौडत असताना एका क्षणी त्याचे चारही पाय जमिनीवरून उचललेले असतात, हे त्या छायाचित्रांनी सिद्ध झाले. तोवर त्यावर नुसता वाद चालला होता.

पुढचा प्रश्न होता, पायांना हा क्रम शिकवतो कोण? १९११ मध्ये ग्रॅहम ब्राऊन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवले की पाय आळीपाळीने हलवण्याची मूळ लय पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमध्येच तयार होते. १९६६ मध्ये मॉस्को येथील शास्त्रज्ञांनी मांजराच्या मेंदूतील एका ठरावीक जागी विजेचा मंद प्रवाह दिला. मांजर पट्ट्यावर चालू लागले. प्रवाह वाढवला तसे ते दुडक्या चालीत आणि मग दौडीत गेले. मेंदूने फक्त "चल" आणि "जोरात चल" एवढेच सांगितले, बाकीचे काम मज्जारज्जूने आणि पायांनी केले. जोत धरणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आपण बैलाला कोणता पाय आधी टाक हे कधी सांगतो का? एक हाक मारतो, फार तर शेपटीला हात लावतो, पायांचे काम पाय करतात.

तिसरा प्रश्न ताकदीचा. १९८१ मध्ये हॉइट आणि टेलर या दोन संशोधकांनी लहान चणीचे घोडे फिरत्या पट्ट्यावर चालवून त्यांचा श्वास मोजला. प्रत्येक चालीचा एक वेग असा असतो की त्या वेगाने जनावराची शक्ती सर्वात कमी खर्च होते आणि मोकळे सोडलेले जनावर आपणहून त्याच वेगाने चालते, असे त्यांना आढळले. म्हणजे जनावराची स्वाभाविक चाल हा त्याचा आळस नसून हिशोब असतो. बैलाला त्याच्या चालीने चालू द्यावे, हे वाडवडिलांचे सांगणे या दृष्टीने पाहावे.

चौथा प्रश्न आपल्या भगिनींना जवळचा वाटेल. डोक्यावर चुंबळ ठेवून पेंढ्याचा भारा किंवा पाण्याची कळशी नेताना किती शक्ती लागते? १९८६ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अशा स्त्रियांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंतचे ओझे त्या जवळजवळ काहीही जादा शक्ती खर्च न करता नेत होत्या. ५० किलो वजनाच्या बाईच्या बाबतीत हे ओझे १० किलो होते. लहानपणापासून मुरलेली चाल हे त्याचे रहस्य आहे. बारीक वाटणारी अशी निरीक्षणे मोठ्या विद्यापीठांत अभ्यासाचा विषय होतात, हे लक्षात घ्यावे.

जोताचा हिशोब

आता थोडे गणित करू. चांगला बैल दिवसभराच्या कामात आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी ओढ सतत देऊ शकतो, असा ठोकताळा आहे. समजा, आपल्या लहान चणीच्या बैलांचे वजन प्रत्येकी २५० किलो आहे. जोडीचे ५०० किलो झाले, म्हणजे ओढ ५० किलोची. नांगराला चालताना वेग सेकंदाला ०.६ मीटर, म्हणजे तासाला सुमारे २.२ किलोमीटर धरू. ५० गुणिले ०.६ म्हणजे ३०. अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर. ३० ला ७५ ने भागले की ०.४ अश्वशक्ती येते.

पॉवर टिलरचे इंजिन याच्या कितीतरी पट ताकदीचे असते. मग दळीत बैल का लागतो? कारण टिलर तिथवर पोचवणे हेच मोठे काम आहे. बांधावरून उतरवायचा, चार माणसांनी धरून वरच्या दळीत चढवायचा, वळायला जागा नाही, कोपरे तसेच राहतात. चाकाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड वाट लागते. पायाला मात्र पाऊल ठेवण्यापुरत्या सुट्या जागा पुरतात, मधे दगड असो की चर असो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत मार्क रायबर्ट यांनी पायांच्या यंत्रांची प्रयोगशाळा काढली, तेव्हा त्यांच्या विचाराचे मूळ हेच होते. त्यांची पहिली यंत्रे एका पायावर उड्या मारीत तोल सांभाळायची. पुढे १९९२ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या कंपनीने २००५ मध्ये बिगडॉग हे ओझे वाहणारे चार पायांचे यंत्र केले. लाथ मारली तरी तोल सावरणारे हे यंत्र आपल्यापैकी काही तरुणांनी मोबाईलवर पाहिले असेल.

गोव्याचा विद्यार्थी आणि ६५ किलोमीटर चाललेले यंत्र

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. प्रणव भोंसुले यांनी २००४ मध्ये गोवा विद्यापीठाची यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. २००६ मध्ये मद्रास आय.आय.टी.मधून एम.टेक. केले. पुढे ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात प्राध्यापक अँडी रुइना यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि २०१२ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. आज ते शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक असून यंत्रांच्या चालीवरच संशोधन करतात.

त्या प्रयोगशाळेत रेंजर नावाचे चालणारे यंत्र होते. त्याचा विचार समजण्यासाठी जत्रेतले एक लाकडी खेळणे आठवा. उतरत्या फळीवर ठेवले की ते डुलत डुलत आपोआप खाली चालत येते. त्याला किल्ली नाही, सेल नाही. १९९० मध्ये कॅनडात टॅड मॅकगीर यांनी याच तत्त्वावर मोटार नसलेले पायांचे यंत्र बनवून सौम्य उतारावर चालवून दाखवले. पायांची लांबी, वजनाची वाटणी आणि तळव्याचा आकार नीट जमला तर चाल पायांतूनच निर्माण होते, हे त्यातून सिद्ध झाले. उतार नसेल तेथे प्रत्येक पावलाला थोडासा धक्का दिला की पुरते. माणूसही असाच चालतो. टेकलेल्या पायावर अंग शिडीसारखे पुढे कलते आणि दुसरा पाय झोपाळ्यासारखा पुढे येतो.

रेंजर याच कल्पनेवर होते. वजन सुमारे १० किलो, गुडघे नाहीत, आतल्या पायांची एक जोडी आणि बाहेरच्या पायांची एक जोडी, त्या आळीपाळीने पुढे पडतात. २००८ मध्ये ते ९ किलोमीटर चालले. २०१० मध्ये २३ किलोमीटर. १ मे २०११ रोजी ते विद्यापीठाच्या बंदिस्त क्रीडागृहातील धावपट्टीवर चालू लागले आणि दुसऱ्या दिवशी थांबले तेव्हा ३० तास ४९ मिनिटे झाली होती. अंतर ६५.२ किलोमीटर. पावले १,८६,०७६. या साऱ्या वेळात त्याला कोणी हात लावला नाही आणि बॅटरी एकदाही पुन्हा भरली नाही. एवढ्या चालीला वीज लागली ४९३ वॉट-तास, म्हणजे अर्ध्या युनिटहूनही किंचित कमी. वेग निघतो तासाला सुमारे २.१ किलोमीटर. आपण वर जोताचा जो वेग धरला, जवळजवळ तोच हा!

या कामावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचे पहिले लेखक भोंसुले आहेत. त्यांच्या बरोबर इतरही अनेक जण होते, हे काम एकट्याचे नव्हते. २०१५ मध्ये चीनमधील एका चार पायांच्या यंत्राने १३४ किलोमीटर चालून हा विक्रम मागे टाकला. शास्त्रात असेच चालायचे.

कासरा किती ओढायचा?

यंत्राला चालवणे म्हणजे काय, हे सांगायला नांगऱ्याचे उदाहरण सर्वात चांगले. नवशिका नांगऱ्या कासरा सारखा ओढत राहतो. बैल गोंधळतो, तास वाकडे जाते, दोघेही दमतात. मुरलेला नांगऱ्या तासाच्या टोकाला आणि बैल बाजूला सरकला तरच कासऱ्याला हात लावतो. एरवी जोत आपल्या चालीने चालते.

पायांच्या यंत्रांचे नियंत्रण या दोन्ही पद्धतींनी होते. पहिल्या पद्धतीत प्रत्येक सांधा प्रत्येक क्षणी कोठे असावा हे संगणक ठरवतो आणि मोटारी त्याला जबरदस्तीने तेथे नेतात. त्यात यंत्र नेमके हलते, पण वीज फार खाते. २००५ मध्ये झालेल्या तुलनेत जपानचे असिमो हे गाजलेले यंत्र वजन व अंतराच्या हिशोबाने माणसाच्या दहापटीहून अधिक शक्ती खर्चणारे ठरले होते. दुसरी पद्धत रेंजरची. प्रत्येक पावलात एक-दोन ठरावीक क्षणी यंत्राने स्वतःची अवस्था तपासायची, पाऊल कमी-जास्त पडले असेल तेवढीच दुरुस्ती करायची आणि बाकी वेळ पायांना त्यांच्या झोकाने जाऊ द्यायचे. ही दुरुस्ती केव्हा आणि किती करावी हे गणिताने काढणे, हा या संशोधनाचा गाभा होता.

म्हणून म्हणतो, जोतामागे उभे राहिलेल्या मुलाला या शास्त्राचे मर्म लवकर कळेल. गणित त्याला शिकावे लागेल, नजर त्याने घरूनच नेलेली असेल.

मर्यादाही सांगतो

आपली दिशाभूल होऊ नये म्हणून दुसरी बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. रेंजर सपाट धावपट्टीवर चालले. त्याला वळवण्यासाठी सोबत माणूस दूरनियंत्रक घेऊन चालत होता. आपल्या दळीच्या बांधावर ते एक पाऊलही टाकू शकले नसते. खडबडीत जागी चालणारी यंत्रे आज आहेत, उदाहरणार्थ बिगडॉग बनवणाऱ्या कंपनीचे स्पॉट किंवा स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिक येथील तांत्रिक विद्यापीठातून निघालेले अॅनीमल. पण त्यांचे मुख्य काम कारखाने, बोगदे आणि वीजकेंद्रे यांच्या पाहणीचे आहे. स्पॉट २०२० मध्ये विक्रीला आले तेव्हा त्याची किंमत ७४,५०० डॉलर, म्हणजे अर्ध्या कोटी रुपयांहून अधिक होती. चिखलणीचे काम करणारे पायांचे यंत्र आपण बाजारातून आणू शकू अशी आज स्थिती नाही. चिखलात रुतलेला पाय उपसून काढणे हे यंत्राला अजून फार अवघड काम आहे. आपला बैल ते रोज करतो.

पण याच कारणाने या क्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ शिल्लक आहे. चिखल, कातळ, शेवाळलेली घाटी यांवर पाय कसा टिकतो, हा प्रश्न परदेशातील प्रयोगशाळेपेक्षा आपल्या अंगणात जास्त स्पष्ट दिसतो. २०१९ च्या पशुगणनेत देशातील बैलांची संख्या बरीच घटल्याचे दिसले. ज्या पिढीने जोत धरले तिचे ज्ञान लिहून, मोजून ठेवले नाही तर ते जोताबरोबर जाईल. ही हानी पुन्हा भरून निघणार नाही.

वाट कोणती?

मुलाला किंवा मुलीला या क्षेत्रात जायचे असेल तर मुख्यतः तीन वाटा आहेत.

१) अभियांत्रिकीची वाट : बारावीला गणित व भौतिकशास्त्र घेऊन यंत्र, विद्युत किंवा कृषी अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी. आपल्या जिल्ह्यात दापोली येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय आहे. पदवीनंतर गेट परीक्षा देऊन आय.आय.टी.सारख्या संस्थेत एम.टेक. करता येते. कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी गेटमध्ये स्वतंत्र विषय आहे. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्टॉक नावाचे चार पायांचे यंत्र तयार झाले आहे, म्हणजे या कामासाठी परदेशीच जावे लागते असे नाही.

२) पशुवैद्यकाची वाट : नीट परीक्षेतील गुणांवर साडेपाच वर्षांचा पशुवैद्यकीय अभ्यासक्रम. राज्यातील ही महाविद्यालये नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासूनचे आहे. खूर, सांधे, लंगडणे आणि जनावराची कार्यशक्ती हे यातील अभ्यासाचे विषय होत.

३) मूलभूत विज्ञानाची वाट : भौतिकशास्त्र किंवा जीवशास्त्राची पदवी घेऊन पुढे संशोधन. बेंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात संजय साने हे शास्त्रज्ञ कीटकांच्या उड्डाणाचा अभ्यास करतात. माशीच्या पंखांमागे मुगदलासारखे दोन लहान अवयव असतात, ते पंखांच्या तालात हलतात आणि तोल राखायला मदत करतात. पंख आणि हे अवयव यांचा ताल छातीच्या कवचातील यांत्रिक जोडणीमुळे जुळतो, असे त्यांच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये दाखवले. माशी कशी उडते हा प्रश्नही जन्मभर पुरणारा आहे.

कोणत्याही वाटेने गेले तरी गणित, संगणकाची भाषा आणि हाताने वस्तू बनवण्याची सवय या तीन गोष्टी लागतात. मुलगा पंपाचे व्हॉल्व्ह उघडून पाहत असेल तर त्याला रागावू नका, पुन्हा जोडायला मात्र लावा.

पोट भरेल का?

आता मूळ प्रश्न. खर्चाचा आणि काळाचा हिशोब असा आहे. पदवीची चार वर्षे घरातून खर्च करावा लागतो, शिष्यवृत्ती मिळाल्यास तो हलका होतो. गेट देऊन एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळत आले आहे. पीएच.डी.साठी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतरची वरिष्ठ छात्रवृत्ती ४२,००० रुपये झाली. प्रवेशाच्या वेळी चालू दर जरूर विचारावेत. परदेशातील चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा शुल्क माफ असते आणि कामाचे वेतन मिळते. म्हणजे पदवीनंतर बापाने जमीन विकावी अशी वेळ सहसा येत नाही.

पण काळ मोठा लागतो. भोंसुले यांना पदवीनंतर पीएच.डी.पर्यंत आठ वर्षे लागली. बरोबरचे मित्र तोवर नोकरीला लागून घर बांधतात. एवढे करूनही प्राध्यापकाच्या जागा थोड्या असतात आणि उमेदवार जास्त. ज्यांना ती जागा मिळत नाही ते यंत्रमानव बनवणाऱ्या कंपन्यांत, वाहन उद्योगात, कृत्रिम पाय व पुनर्वसन साधनांच्या कामात किंवा अध्यापनात जातात. गणित, नियंत्रण आणि संगणक शिकलेला माणूस सहसा रिकामा बसत नाही, पण त्याला हवे तेच काम, हव्या त्याच गावी मिळेल याची हमी कोणी देऊ नये.

त्या बागायतदारांना मी सांगितले ते असे : "तात्या, कलम लावल्यावर पहिल्या वर्षी आपण आंबा मागतो का? मोहोर आला तरी खुडून टाकतो. हे शिक्षण त्याच जातीचे आहे. आठ-दहा वर्षे थांबायची घरची तयारी असेल आणि मुलाला चालण्याचा प्रश्न झोपेतही सुटत नसेल, तर त्याला अडवू नका. नुसते यंत्र नाचताना पाहून तो भारावला असेल तर आधी एक वर्ष गणित करू द्या, मग ठरवा." तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि दळी कोण करील?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते प्रत्येक घराने आपले आपण शोधायचे आहे. मात्र बैल गेल्यावर दळी कशी करायची हा प्रश्न सोडवायलाही कोणीतरी शिकावेच लागेल.

आजच घरी करण्यासारखे

हे शास्त्र फक्त मुलांसाठी आहे असे समजू नका. जनावराच्या चालीवरून त्याचे पाय वेळीच तपासता येतात. १९९७ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांनी दुभत्या गाईंसाठी पाच पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. ती अशी :

पहिली : उभी असताना आणि चालताना पाठ सरळ. गाय निरोगी.

दुसरी : उभी असताना पाठ सरळ, चालताना बाक येतो. लक्ष ठेवा.

तिसरी : दोन्ही वेळा पाठीला बाक, पावले आखूड. खूर तपासा.

चौथी : एकेक पाऊल जपून टाकते, एका पायावर भार कमी देते. पशुवैद्यकांना बोलवा.

पाचवी : पाय टेकतच नाही किंवा चालायला तयार नाही. अजिबात उशीर करू नका.

पावसाळ्यात गोठ्यातील ओल आणि शेण यांमुळे खूर मऊ पडतात आणि नंतर कातळावर चालताना दुखावतात. म्हणून गोठा कोरडा ठेवा, वाढलेल्या नख्या वेळेवर जाणत्याकडून कापून घ्या आणि आठवड्यातून एकदा जनावर सपाट जागी चालवून बाजूने पाहा.

मुलांना एक काम सांगा. मोबाईलवर गाईची चाल बाजूने चित्रित करायची, चित्र सावकाश फिरवून चार पायांच्या पडण्याचा क्रम आणि एका पावलाला लागणारा वेळ वहीत लिहायचा. उन्हाळ्यात कातळावर एकदा आणि पावसात चिखलात एकदा. मायब्रिजला ज्यासाठी ओळीने कॅमेरे मांडावे लागले, ते आज आपल्या पडवीतून होते. अशी एक वही तीन-चार वर्षे नीट राखली तर दापोलीला किंवा कोठेही प्रवेशाला गेलेल्या मुलाकडे सांगण्यासारखे स्वतःचे काहीतरी असेल.

बंधू-भगिनींनो, ज्या घरांत अजून जोत आहे त्यांनी या पावसात लावणीपूर्वी मुलांना एक दिवस तरी कासरा हातात द्यावा. पुढे तो मुलगा यंत्र करो, वैद्य होवो की आपली बाग सांभाळो, पाय जमिनीला कसा धरतो हे त्याने स्वतः अनुभवलेले असेल. ते शिकवायला आपल्याइतका चांगला गुरू त्याला कोणत्याही विद्यापीठात मिळणार नाही.